तीन एकरांतले आठ गुंठे

तेरावं उरकलं की पुढच्या आठवड्यात माणसं माझ्याकडे येतात. बहुतेकदा दोघं भाऊ, कधी सोबत एखादा मेहुणा. थोरल्याच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी असते आणि तिच्यात अख्खं घर कोंबलेलं असतं: सातबाऱ्याच्या तीन वेगवेगळ्या सालच्या प्रती, घरपट्टीच्या पावत्या, विम्याचं पुस्तक, रेशनकार्डाची झेरॉक्स, वाचता न येणारं एक जुनं खरेदीखत आणि मृत्यूचे पाच दाखले. पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, अण्णांच्या जागी आमची नावं लावायचीत. किती दिवस लागतील?"

तालुक्याच्या कोर्टात इतकी वर्षं काढल्यावर माझं एकच म्हणणं उरलंय. नाव लागणं वेगळं आणि मालकी मिळणं वेगळं. आपल्याकडची निम्मी भांडणं या दोहोंची गल्लत केल्यामुळे लागतात. भाडेकरूची भांडणं, नॉमिनीची भांडणं, बहिणीच्या सहीची भांडणं, सगळ्यांच्या मुळाशी हेच.

समजायला सोपं जावं म्हणून एक घर घेऊ. ते कुठल्याही एका कुटुंबाचं नाही, चार-पाच पिशव्या एकत्र करून मी बांधलंय. अण्णा गेले. मागे बायको, दोन मुलगे, एक लग्न झालेली मुलगी आणि ८८ वर्षांची आई. अण्णांना एक बहीण, म्हणजे मुलांची आत्या. मृत्युपत्र नाही. मालमत्ता तीन जागी: गावाकडे तीन एकर शेत, गावठाणात जुनं घर आणि अण्णांनी नोकरीत असताना कर्ज काढून पुण्यात घेतलेला फ्लॅट. फ्लॅट भाड्याने दिलाय आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून धाकट्याचं नाव आहे. कुटुंब हिंदू, म्हणून १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हाच कायदा लागतो.

आधी फ्लॅट घेऊ, कारण त्याचं गणित सोपं आहे. तो अण्णांच्या पगारातून आलेला, म्हणजे स्वकष्टार्जित. पुरुष मृत्युपत्र न करता गेला की त्याची मालमत्ता पहिल्या वर्गाच्या वारसांकडे जाते. मुलगा, मुलगी, विधवा आणि आई हे या वर्गातले मुख्य वारस, आणि प्रत्येकाला सारखा वाटा. एखादा मुलगा आधीच वारला असेल तर त्याचा वाटा त्याच्या बायको-मुलांना मिळतो, मुलगी वारली असेल तर तिच्या मुलांना. वडील या यादीत नाहीत, ते दुसऱ्या वर्गात येतात. म्हणजे आई असेल तर तिला बरोबरीचा हिस्सा आणि वडिलांना काहीच नाही. हे सांगितलं की समोरची माणसं दोनदा विचारतात.

तर फ्लॅटचे पाच भाग: बायको, दोन मुलगे, मुलगी, आजी. प्रत्येकी एक पंचमांश. मुलीचं लग्न झालंय का, लग्नात किती तोळे घातले, तिने भावांना राखी बांधली की नाही, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही.

"पण नॉमिनी तर मी आहे," असं इथे धाकटा म्हणतो. सोसायटीच्या सेक्रेटरीने त्याला सांगितलेलं असतं की फ्लॅट आता तुझाच. तसं नसतं. नॉमिनी म्हणजे सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा हे सांगणारी चिठ्ठी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं, त्यात तर नॉमिनीला 'तात्पुरता सभासद' असंच म्हटलंय. वारस कोण हे ठरून त्यांची नावं लागेपर्यंत तो मतदान करेल, मेंटेनन्स भरेल, सभेला बसेल. बाकीच्या चार वारसांना डावलून विकायला निघाला तर त्याला कोर्टात अडवता येईल. शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दलही हाच निकाल आहे. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्रावरून सुरू झालेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनी कायद्यातलं नॉमिनेशन वारसा हक्क बाजूला सारत नाही. विम्याचं मात्र थोडं निराळं आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं यांना नॉमिनी केलं असेल तर विम्याच्या रकमेवर त्यांचा स्वतःचा हक्क धरला जातो. फ्लॅटला ते लागू नाही.

आता शेत. इथे मी पिशवीतला सगळ्यात जुना सातबारा बाहेर काढते आणि भावांच्या पुढ्यात ठेवते.

वर भोगवटादाराच्या रकान्यात अण्णांचं एकट्याचं नाव आहे. खाली 'इतर अधिकार' या रकान्यात, गावच्या विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा आणि विहिरीतला पाण्याचा हिस्सा यांच्या शेजारी, बारीक अक्षरात दोन नावं: आजी आणि आत्या. महाराष्ट्रात असे सातबारे किती असतील याची गणती नाही. आजोबा १९९७ मध्ये गेले तेव्हा तलाठ्याने वारस नोंद केली, मुलाला वर घातलं आणि बायकांना खाली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आत्याला तर कागद दाखवलाच नव्हता.

पण आजोबांनी ते शेत स्वतः विकत घेतलेलं. म्हणजे १९९७ सालीसुद्धा कायद्याने त्याचे तीन सारखे भाग झाले होते: आजी, अण्णा, आत्या. रकाना वरचा की खालचा याने हिस्सा बदलत नाही. सातबारा, फेरफार हे महसुलाचे कागद आहेत. सारा कुणाकडून घ्यायचा हे सरकारला कळावं म्हणून ते ठेवले जातात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी मानली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही की संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने इतक्या वेळा सांगितलंय की आता निकालाचा दाखला देण्याचीही गरज भासू नये.

मग हिशोब करू. तीन एकर म्हणजे १२० गुंठे. १९९७ ला आजीचे ४०, आत्याचे ४०, अण्णांचे ४०. आता अण्णा गेले, त्यांच्या ४० गुंठ्यांचे पाच भाग, प्रत्येकी ८. बायकोला ८, थोरल्याला ८, धाकट्याला ८, मुलीला ८ आणि आजीला आणखी ८. म्हणजे आजीचे झाले ४८, आत्याचे ४०. 'आमचं तीन एकर शेत' म्हणत आलेल्या भावांच्या वाट्याला, दोघांचं मिळून, १६ गुंठे.

हा आकडा कागदावर लिहिला की खोलीत शांतता पसरते. मग थोरला विचारतो, "पण कसतोय तर आम्ही. तीस वर्षं. बारा वर्षं झाली की आपली होते ना?"

नाही होत. बारा वर्षांचा नियम आहे, तो १९६३ च्या मुदत कायद्यातला. पण त्याला कब्जा मालकाच्या विरुद्ध, उघडपणे, 'हे तुझं नाही, माझं आहे' असं ठणकावून केलेला लागतो. सहहिस्सेदारांपैकी एक जण कसत असेल तर तो सगळ्यांच्या वतीने कसतो असं कायदा धरतो. आत्या दर दिवाळीला येते, ज्वारीचं पोतं घेऊन जाते, म्हणजे तिला कुणी बाहेर काढलेलं नाही. भाडेकरूचंही तसंच. परवानगीने आत आलेला माणूस बारा काय, चाळीस वर्षं राहिला तरी केवळ राहण्याने मालक होत नाही. ही बारा वर्षांची भीती घरमालकांच्या डोक्यात इतकी घट्ट बसलीये की रिकामे फ्लॅट कुलूप लावून ठेवणारी माणसं मी पाहिलीत.

वडिलोपार्जित म्हणजे नेमकं काय

हा शब्द घराघरांत चुकीचा वापरला जातो. वडिलांकडून आलं म्हणून ते वडिलोपार्जित होत नाही. एकत्र कुटुंबाची, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, वाटप न झालेली मालमत्ता असेल तर तिच्यात मुलाला जन्मतःच हक्क असतो. ते खरं वडिलोपार्जित. जुन्या सातबाऱ्यावर नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसतं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तो माणूस मालक नसून घराचा कारभारी असल्याची ती खूण आहे, ते दिसलं की खोलात जा. पण १९५६ नंतर वडील वारले आणि त्यांची स्वतःची मालमत्ता मुलाला वारसाने आली, तर ती त्या मुलाची खासगी होते. त्याच्या मुलांचा, म्हणजे नातवांचा, त्यात जन्मतः हक्क नाही. "आजोबांची जमीन आहे, बाप कसा विकतो बघतो," म्हणणाऱ्या तरुणांना मी पहिल्यांदा एकच विचारते: आजोबांना ती कुठून आली?

खरोखर वडिलोपार्जित असेल तर मुलीलाही मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हे केलं होतं, पण त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरतं. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि तिने लग्नाची अट काढून टाकली. मग वाद सुरू झाला की वडील त्या तारखेला हयात हवेत का. वेगवेगळे निकाल आले, बहिणी वर्षानुवर्षं लटकल्या. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं: वडील हयात असण्याची गरज नाही, हक्क जन्माने आहे. एकच मर्यादा. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप झालेलं असेल तर ते उकरता येत नाही. 'आमचं तोंडी वाटप झालं होतं' हे सहसा चालत नाही, नोंदणीकृत कागद किंवा कोर्टाचा हुकूमनामा लागतो. अगदी अपवादाने, सरकारी कागदांवरून स्पष्ट दिसत असेल तर तोंडी वाटपही मानलं जाऊ शकतं. नोटरी केलेला कागद तेवढ्याने टिकत नाही.

गावठाणातल्या घराचं पुराण छोटं आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरपट्टीचा उतारा. तो मालकीचा कागद नव्हे, कर कुणी भरायचा याचा कागद. शहरात किंवा नगर भूमापन झालेल्या गावात मालमत्ता पत्रक असतं, ज्याला सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. बाकी गावठाणांसाठी २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली, ड्रोनने मोजणी होऊन पत्रकं मिळू लागली. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर पत्रकावर कुणाचं नाव चढलंय ते आत्ताच बघून घ्या, बहिणी असतील तर विशेष करून. आणि राहत्या घरात बहिणीला वाटणी मागता येत नाही, हा जो समज आहे तो २००५ पर्यंत खरा होता. ते कलम तेव्हाच काढून टाकलंय.

मग नाव लावायचं कसं? हेही सांगायलाच हवं, कारण मालकी वेगळी असली तरी नोंद नसेल तर कर्ज, अनुदान, विक्री सगळंच अडतं. वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) कळवायचं, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र देऊन. ऑनलाइन ई-हक्कवरूनही अर्ज होतो. आधी वारस नोंदवहीत, मग गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, १५ दिवस हरकतीसाठी मिळतात आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्या १५ दिवसांत आलेली हरकत म्हणजे तक्रार प्रकरण. नोंद मंजूर झाल्यावर जाग आली तर प्रांताकडे अपील, ६० दिवसांत. प्रतिज्ञापत्रात बहिणीचं नाव गाळणारे भाऊ मी पाहिलेत. नोंद होऊन जाते, पण हक्क जात नाही, आणि खोट्या प्रतिज्ञापत्राचं प्रकरण वर येतं ते नेमकं जमीन विकायच्या वेळी.

फ्लॅट किंवा बँकेतल्या मोठ्या रकमेसाठी जेव्हा 'कोर्टाचा वारस दाखला आणा' म्हणतात, तेव्हा नेमकं काय हवंय ते विचारून घ्या. ठेवी, शेअर, येणी यांच्यासाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र. घर-जमिनीसाठी वारस दाखला, जो आपल्याकडे आजही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठवर मिळतो. पेशवाई बुडून नऊ वर्षं झाली होती तेव्हाचा कायदा, आणि अजून रोज चालतो.

बहिणीची सही

आत्याकडे परत येऊ. भाऊबंदांचा पुढचा प्रश्न तिच्याबद्दलच असतो. "आत्या सही देणार आहे. स्टॅम्पवर लिहून नोटरी केलं की झालं ना?"

नाही झालं. शंभराचा स्टॅम्प असो की पाचशेचा, नोटरीच्या शिक्क्याने जमिनीतला हक्क सुटत नाही. हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. जवळच्या नात्यात वारसाच्या मालमत्तेचं हक्कसोड असेल तर मुद्रांक नाममात्र लागतो, काही शे रुपये. तेवढ्यासाठी कच्चं काम कशाला करायचं? आणि ते कुणाच्या नावे सोडायचं हे स्पष्ट लिहा. एका भाच्याच्या नावे की सगळ्यांच्या. पैसे घेतले असतील तर आकडा लिहा.

आत्यांना मात्र मी भाच्यांसमोर बोलत नाही. त्यांना वेगळं बसवते आणि तीन गोष्टी सांगते. हे सोडलं की परत मिळत नाही, फसवून किंवा दमदाटीने सही घेतली असेल तर ते कळल्यापासून तीन वर्षांत कोर्टात जावं लागतं आणि सिद्ध करणं जड जातं. दुसरं, सोडायचं नसेल तर भांडायलाच पाहिजे असं नाही, नाव नीट लावून घ्या आणि हिस्सा तसाच राहू द्या. तिसरं, विकायचा असेल तर वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे आधी विचारलं जाण्याचा हक्क सहवारसांना आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागतो. बऱ्याच जणी सोडतातच. माहेर तुटू नये म्हणून सोडतात. तो त्यांचा निर्णय, पण चाळीस गुंठे सोडतोय हे माहीत असताना घेतलेला असावा एवढीच माझी इच्छा असते. कित्येकींना सही कशावर केली हेसुद्धा सांगता येत नाही.

वडील हयात असताना, मुलीच्या लग्नातच 'मला काही नको' असं लिहून घेण्याची हुशारीही काही घरं करतात. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेबाबत त्या कागदाला किंमत नाही. जो हक्क अजून मिळालेलाच नाही, तो सोडणार कसा?

फ्लॅटमधला भाडेकरू

या सगळ्यात पुण्याच्या फ्लॅटमधल्या मुलाची अवस्था कुणी बघत नाही. त्याने अण्णांशी लिव्ह अँड लायसन्स केलेलं, अनामत दिलेली, आणि आता दोन भाऊ दोन वेगवेगळे खाते क्रमांक पाठवतायत. त्याला माझा सल्ला: सगळ्या वारसांच्या सहीचं एक पत्र माग, त्यात सांगतील त्याच खात्यात भर, आणि नवा करार करून घे. वारसांना माझा सल्ला: मालक गेल्यावर जुन्याच करारावर गाडी रेटू नका. भाड्याचेही पाच भाग होतात, आणि अनामत परत करायची जबाबदारीही मिळालेल्या मालमत्तेपुरती तुमच्यावर येते.

भाडेकराराबद्दलचा सगळ्यात चिवट गैरसमज ११ महिन्यांचा. एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला केंद्राच्या नोंदणी कायद्यात नोंदणीची सक्ती नाही, त्यातून हा आकडा देशभर रूढ झाला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ वेगळं सांगतं. करार लेखीच हवा आणि नोंदवलेलाच हवा, मुदत काहीही असो. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून बोचणारी गोष्ट अशी की लेखी नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. दलालाचे हजार-दोन हजार वाचवायला गेलेला मालक इथे सापडतो.

आणि नोंदवलेला असेल तर मालकाच्या हातात चांगलं हत्यार असतं. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा सोडली नाही तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट नुकसानभरपाई मागता येते. तेवढा धीर न धरता पाणी-वीज तोडणारे, कुलूप बदलणारे मालक असतात. तो गुन्हा आहे. कायद्याने भक्कम बाजू असलेला मालक एका रात्रीत आरोपी होतो.

सोसायटीने भाडेकरू ठेवला म्हणून वाटेल ते शुल्क लावू नये. बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, नगरपालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. 'बॅचलर नकोत', 'अमुक जेवणारे नकोत' हे ठराव सभेत टाळ्या घेतात, पण फ्लॅट कुणाला भाड्याने द्यायचा हे मालकाने ठरवायचं असतं. आणि दोन महिन्यांहून जास्त अनामत घेता येत नाही असा जो मेसेज फिरतो, तो केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यातून आलाय. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही.

मुंबईतल्या पागडीच्या खोल्या हे वेगळंच प्रकरण. पागडीवाला मालक नसतो, संरक्षित भाडेकरू असतो. तो गेल्यावर हक्क जातो तो मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. मृत्युपत्रात 'माझी गिरगावातली खोली पुतण्याला' असं लिहून राहत्या घरची भाडेदारी देता येत नाही.

थोडं गोव्याबद्दल, कारण सावंतवाडी-दोडामार्गकडच्या लोकांच्या सोयरिकी तिकडे असतात आणि फटका बसतो. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता सर्वधर्मीयांना लागू होती, वारशाचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्यात आलाय. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको एकमेकांच्या मालमत्तेत निम्मे भागीदार होतात. मुलं असताना मृत्युपत्राने आपल्या वाट्यातल्या अर्ध्यापेक्षा जास्त कुणाला देऊन टाकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असंही सांगितलं की गोव्याच्या रहिवाशाची मालमत्ता मुंबईत असली तरी वारशाला हाच कायदा. इकडे मात्र हिंदू माणूस स्वतःची सगळी मालमत्ता मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो, पोटच्या पोराला वगळूनसुद्धा. मुस्लिम कायद्यात साधारणपणे एक तृतीयांशापुरतंच मृत्युपत्र करता येतं, बाकीचं ठरलेल्या हिश्शांनी जातं.

आता अण्णांनी मृत्युपत्र केलं असतं तर? फ्लॅटचं सगळं सुरळीत झालं असतं. शेताचं मात्र त्यांच्या ४० गुंठ्यांपुरतंच, आपलं नाही ते मृत्युपत्रातही देता येत नाही. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर चालतं. दोन साक्षीदार लागतात आणि करणाऱ्याने त्यांच्यादेखत सही केलेली असावी, किंवा सही आपलीच असल्याचं त्यांना सांगितलेलं असावं, आणि त्यांनी त्याच्यादेखत सही करावी. ज्याला मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरचा दाखला जोडा. नोंदवलेलं मृत्युपत्रही नंतरच्या साध्या मृत्युपत्राने रद्द होतं, शेवटचं तेच खरं. साक्षीदार करणाऱ्यापेक्षा तरुण घ्या, हा सल्ला ऐकून लोक हसतात, पण सत्तरीच्या माणसाने दोन पंचाहत्तरीचे मित्र साक्षीला घेतल्यावर पुढे कोर्टात कोण उभं राहणार?

बक्षीसपत्र मात्र जपून. ते नोंदवलं की मालमत्ता त्या दिवशीच गेली. नवरा, बायको, मुलं, नातवंडं यांना राहतं घर किंवा शेत द्यायला मुद्रांक नाममात्र लागतो, म्हणून 'आत्ताच करून टाका ना बाबा' असा आग्रह होतो. करायचंच असेल तर 'मला शेवटपर्यंत सांभाळायचं' ही अट कागदात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसेल तर लढाई फार अवघड होते.

हे सगळं मी एकदा अशाच एका घराला समजावत होते. या वेळी भावांनी आजींनाही आणलं होतं, सही लागेल म्हणून. म्हातारी कोपऱ्यातल्या खुर्चीत पदर सावरून बसलेली, ऐकू येतंय की नाही असा संशय यावा इतकी गप्प. मी सांगितलं की १२० गुंठ्यांत ४८ आजींचे आहेत, ते कायद्याने पूर्णपणे त्यांच्या मालकीचे, आणि त्या काही न लिहिता गेल्या तर त्यातले निम्मे आत्याला जातील, निम्मे तिघा नातवंडांना, सुनेला त्यातलं काही नाही.

आजींनी मान वर केली. "सुनेला काही नाही?"

"नाही. लिहून ठेवलंत तरच."

त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, मग दोन्ही नातवांकडे.

"तुम्ही दोघं जरा बाहेर चहा पिऊन या रे," त्या म्हणाल्या.